आमची वाटचाल: आधी परवानगी, मग डेटा

ठाणे, कल्याण, पनवेलच्या इलेक्ट्रिकल दुकानदारांना सकाळी शटर वर जायच्या आत वायर, स्विच, एमसीबीचे ऑनलाइन रेट व्हॉट्सअ‍ॅपवर पोचवायचे हा आमचा धंदा, आणि हे रेट कंपन्यांच्या साइटवरून आमचा बॉट, म्हणजे आपोआप पानं उघडून माहिती उचलणारा प्रोग्रॅम, गोळा करतो. महापे एमआयडीसीत छोटा गाळा भाड्याने घेऊन आम्ही दोघा भागीदारांनी सुरुवात केली. जांभळी नाक्यावरचे एक काका पहिलं गिऱ्हाईक, ते ऑर्डर देता देताच म्हणाले, "अरे पण दुसऱ्याच्या साइटवरून असं उचललेलं चालतं का?"

प्रश्न एकदम बरोबर होता म्हणून थेट वकील मॅडमना गाठलं. त्यांनी सांगितलं की अमेरिकेत १९९९ मध्ये ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटने बिडर्स एजवर केस केली होती, बिडर्स एज ही वेगवेगळ्या साइटवरच्या लिलावांची माहिती एका जागी दाखवणारी कंपनी, तिचा बॉट ईबेच्या साइटवर दिवसाला १ लाखाच्या आसपास रिक्वेस्ट (पान उघडायची मागणी) मारायचा, म्हणजे ईबेच्या एकूण लोडच्या दीड टक्का वगैरे, पण २००० साली कोर्ट म्हणालं सर्व्हर ईबेच्या मालकीचा आहे, आज एकाला सोडलं तर उद्या सगळेच घुसतील, आणि बॉट बंद करायला लावला. जमिनीवर नाही तर जंगम मालमत्तेवर अतिक्रमण, असा तो कायदा. पुढे २००३ मध्ये इंटेल विरुद्ध हमीदी केसमध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कॉम्प्युटरचं नुकसान किंवा कामात अडथळा नसेल तर हे अतिक्रमण होत नाही. आमच्या लाइनमधले बरेच जण ही दुसरीच केस पुढे करतात.

पण आपण बसलोय नवी मुंबईत. आपल्याकडे आयटी कायदा २००० चं कलम ४३ आहे, मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या कॉम्प्युटरमधून डेटा डाउनलोड केला, कॉपी केला तर भरपाई द्यावी लागू शकते, आणि तेच अप्रामाणिकपणे केलं तर कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे आधी परवानगी बघतात, आणि मला ते मनापासून पटतं. दुकान उघडं आहे म्हणून गल्ल्यामागे जाऊन वही चाळायची नसते.

त्यामुळे आम्ही आधी कंपनीला मेल टाकतो, हो आलं तरच बॉट लावतो, तोसुद्धा रात्री दोननंतर, एक पान उघडलं की पाच सेकंद थांबून पुढचं, आणि प्रत्येक रिक्वेस्टमध्ये आमच्या फर्मचं नाव आणि फोन नंबर असतो म्हणजे समोरच्या आयटीवाल्याला लॉगमध्ये (साइटवर कोण आलं त्याच्या नोंदीत) लगेच दिसतं कोण आलंय. एका मोठ्या ब्रँडने स्पष्ट नाही म्हटलं, तो ब्रँड लिस्टमधून काढला, दोन दुकानदार नाराज होऊन सोडून गेले. जाऊ देत.

मागच्या दिवाळीच्या सीझनला आमच्याच पोर्टलवर कोणाचा तरी बॉट आला. सकाळी पावणेनऊ, दुकानदार लॉगिन करतायत आणि पान उघडतच नाही, लॉग बघितला तर सेकंदाला ढीगभर रिक्वेस्ट, नाव नाही गाव नाही. आयपी (इंटरनेटवरचे पत्ते) ब्लॉक केले की नवीन आयपीवरून परत चालू. होस्टिंगचं बिल आमच्या माथी आणि फोनवर शिव्या पण आम्हालाच. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे सगळे लॉग जपून ठेवलेत, माणूस सापडला की कलम ४३ खाली अर्ज करणारच.

आता काही कंपन्या स्वतःहून एपीआय, म्हणजे डेटा थेट घ्यायची अधिकृत सोय, देतात, मग साइटवर जायचंच काम नाही. बाकी ज्यांनी आधी हो म्हटलंय आणि आता बॉट नको वाटतोय त्यांनी फक्त एक फोन करा, नंबर तुमच्या लॉगमध्येच आहे, त्याच दिवशी बंद करतो.