मधलं स्टेशन

सोमवार, रात्री

आत्याच्या पुढच्या खोलीत बसून लिहितेय. आतेभावाचं बारावीचं वर्ष. त्याचा अभ्यास याच खोलीत चालतो, आणि मी आल्यापासून तो अकरालाच पुस्तक मिटून आत जातो, मला झोपता यावं म्हणून. कुणी त्याला सांगितलेलं नाही, आणि मी नको म्हटलं तरी ऐकत नाही.

कोपरखैरण्यातलं हे माथाडींचं, म्हणजे मार्केटात ओझी वाहणाऱ्या कामगारांचं घर. पाटण तालुक्यातून मामा, आत्याचे यजमान, १९८५ साली इकडे आले. कांदा-बटाटा मार्केट तेव्हा मुंबईतून वाशीला येऊन थोडीच वर्षं झाली होती. आधी काही वर्षं गावच्या दहाबाराजणांबरोबर एका खोलीत काढली, मग हे घर मिळालं. खाली दोन खोल्या होत्या, त्यावर एक चढवली. एवढ्या घरात त्यांनी गावाकडच्या किती पोरांना नोकरी लागेपर्यंत सांभाळलं, त्याची मोजदाद नाही. आता मी.

आत्या म्हणते, "भाड्यात पैसे घालू नकोस, इथंच राहा." तिच्या मनात दुसरं काही नाही. पण पुण्यात तीन वर्षं पीजीत काढली, आता मला माझं स्वयंपाकघर हवंय. आणि त्या पोराची खोली त्याला परत मिळायला हवी.

ऑफिस ऐरोलीला, स्टेशनपासून चालत. शिफ्ट दुपारी बारा ते रात्री नऊ. रात्री साडेनऊनंतर बाईमाणसाला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि घरी सोडायची सोय लागते, असं महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यातच आहे. माझी शिफ्ट नऊला संपते, म्हणून गाडी नाही. रात्री नऊनंतरचा रस्ता माझा मलाच बघायचा आहे.

मंगळवार

सकाळी घोडबंदर रोडला घर बघितलं. वाघबीळच्या पुढे, अठरावा मजला. एका खिडकीतून येऊरचा डोंगर, पावसाने नुकताच हिरवा झालेला. किचनला कोरी टाइल, हॉलमध्ये भरपूर उजेड. भाडं २४,०००, डिपॉझिट एक लाख, शिवाय एक महिन्याचं ब्रोकरेज. पैसे ओढूनताणून जमतील असं मनात मांडूनही झालं. मला ते घर हवंच होतं.

ब्रोकर म्हणाला, "मॅडम, मेट्रो एकदा सुरू झाली की काही टेन्शनच नाही." वडाळा ते कासारवडवलीच्या मेट्रोचे खांब समोर दिसतच होते. पण ती मेट्रो मुलुंडकडे जाते, ऐरोलीकडे नाही. मला ठाणे स्टेशन गाठून ट्रान्स हार्बरची, म्हणजे ठाण्याहून ऐरोलीमार्गे वाशी-पनवेलकडे जाणारी लोकलच धरावी लागणार, आज काय नि पाच वर्षांनी काय.

खाली गेटवर दोन टँकर उभे होते. वॉचमनला विचारलं, तर म्हणाला, मे महिन्यात याहून जास्त येतात.

घरी आल्यावर मामांनी एकच विचारलं, "पाणी?" मी टँकरचं सांगितलं. ते काही बोलले नाहीत, भाकरी मोडत राहिले.

बुधवार

आज मुद्दाम केलं. ऑफिसची कागदपत्रं द्यायला ऐरोलीला गेलेच होते, तर नऊपर्यंत तिथंच थांबले आणि मग वाघबीळला निघाले, जणू तिथंच राहते.

गाडी वेळेवर आली. दहा मिनिटांत ठाणे. ट्रान्स हार्बर लागते नऊ-दहा नंबरला, म्हणजे पूर्वेच्या टोकाला. घोडबंदरच्या रिक्षा पश्चिमेला. सगळे प्लॅटफॉर्म ओलांडून, पुलावरच्या गर्दीतून खाली उतरले तर रिक्षाची रांग वळण घेऊन गेलेली. वर पाऊस. नंबर लागायला पंचवीस मिनिटं. पुढे कापूरबावडीला गाड्या जागच्या हलेनात. त्या बिल्डिंगच्या गेटवर पोचले तेव्हा दहा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती. मग तीच रिक्षा फिरवून परत, आत्याकडे यायला बारा. आत्या दारात उभी होती.

घर बघायला आपण दिवसा जातो, उजेडात. अठराव्या मजल्यावरून मला डोंगर दिसला होता, ही रांग दिसली नव्हती. मन अजून त्या खिडकीशी घुटमळतंय, ते खोटं कशाला लिहू. पण तिथं राहिले तर रोजचा सव्वा तास येताना आणि तेवढाच जाताना. स्वयंपाकघर कितीही छान असो, त्यात शिजवायला मी उभी कधी राहणार?

गुरुवार

कळवा. घर बरं, भाडं १५,०००. पण ट्रान्स हार्बरला कळव्यात स्टेशनच नाही. गाडी बाजूने जाते, थांबत नाही. म्हणजे आधी ठाणे, मग गाडी बदला. रिक्षाने विटाव्यावरून यायचं म्हटलं, तर तिथं रेल्वेच्या पुलाखाली तासाभराच्या पावसात पाणी साचलेलं. नको.

शनिवार

सकाळी ऐरोलीत सेक्टरमधलं घर. ऑफिसपासून चालत नऊ मिनिटं, मी घड्याळ लावून चालले. झाडं, बाग, दुकानं, सगळं हाताशी. भाडं २६,०००. माझ्या हातात येणाऱ्या पगाराच्या निम्म्याहून जास्त. आईला फोन केला, ती म्हणाली, "जवळ आहे ना, मग घे, आम्ही थोडं पाठवू." हे ऐकल्यावर तर ते घर मी घेणारच नाही. आप्पांच्या उसाचे पैसे मी ऐरोलीच्या भाड्यात घालायचे?

दुपारी घणसोली. इथं थोडं सविस्तर लिहायला हवं.

गावात, म्हणजे मूळ गावठाणात, एका मावशींची खोली. गल्ली इतकी अरुंद की समोरच्या घराची खिडकी हाताला लागावी. भाडं ८,०००, डिपॉझिट २०,०००. मावशींनी आधी बसवलं, पाणी दिलं, मग विचारलं, "कुठली गो तू?" पाटण म्हटल्यावर म्हणाल्या, "मग आमच्याकडं तुमचीच माणसं जास्त." खोली स्वच्छ होती, पण दिवसाही दिवा लावावा लागत होता. अ‍ॅग्रीमेंटचं विचारलं तर मावशी हसल्या. "कागद कशाला? माणूस बघून ठेवतो आम्ही."

त्यांच्या शब्दावर माझा विश्वास बसला होता. तरीही कागद लागतो. भाड्याचा करार लेखी आणि नोंदलेलाच हवा, असं १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. नोंदवला नाही आणि पुढे वाद झाला, तर उलट काही सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी धरल्या जातात. म्हणजे तोटा मावशींचाच. हे त्यांना सांगितलं. त्या शांतपणे ऐकत होत्या.

मग उठून दाराशी आल्या नि बोटाने दाखवलं. "तो सेक्टर दिसतो ना, तिथं आमची शेती होती. सिडकोनं घेतली." नवी मुंबई वसवायला सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत द्यायची योजना, त्यात मिळालेला भूखंड त्यांच्या जावेच्या वाटणीला गेला, त्यावर बिल्डिंग उभी राहिली. ज्या जमिनीत यांनी भात लावलं तिथं आता आमच्यासारखी पोरं भाड्याने राहायला येतात, आणि त्या जमिनीबद्दल सांगताना मावशींच्या आवाजात मला कुठे राग सापडला नाही. त्याने जास्तच गलबलून आलं. "तुला कागदच हवा तर तिच्याकडं जा, तिच्याकडं कागद करतात," म्हणाल्या, आणि छत्री घेऊन स्वतः सोबत आल्या.

तिसरा मजला, छोटा वन बीएचके, १७,०००, डिपॉझिट ६०,०००. ब्रोकर मध्ये नाहीच, तेवढे १७,००० वाचले. किचनची खिडकी पूर्वेला. स्टेशन चालत बारा मिनिटं, वाटेवर दुकानं उघडी.

रविवार

काल रात्री पुन्हा चालून बघितलं, ऐरोलीहून नऊ वाजून काही मिनिटांची गाडी. पाटीवर वाशी असो, नेरुळ असो की पनवेल, घणसोलीला सगळ्याच थांबतात, फाटा फुटतो तुर्भ्यानंतर. आधी रबाळे, मग घणसोली. लेडीज डब्यात पोलीस होता. घराच्या गेटवर पोचले तेव्हा पावणेदहासुद्धा झाले नव्हते. मेडिकल उघडं, वडापावची गाडी उघडी, क्लासहून परतणाऱ्या दोन मुली पुढे चाललेल्या.

आणि घणसोलीनंतरचं स्टेशन कोपरखैरणे. हे मला आधी सुचलं नव्हतं असं नाही. ऑफिसच्या जवळ जवळ म्हणत मी ठाण्यापर्यंत गेले, त्यात आत्याच्या घरापासून जरा लांब जायचंही मनात होतं. रोज दारात कुणी वाट बघत उभं आहे, याचं ओझं वाटत होतं. बुधवारी रात्री बाराला भिजून आले आणि तिने काही न विचारता टॉवेल पुढे केला, तेव्हापासून ते तसं वाटत नाही.

आत्याला सांगितलं. ती गप्प राहिली. मग उठून माळ्यावरून तीन लिटरचा कुकर काढला, शिट्टी तपासली, घासून उपडा घातला.

पुढचा शनिवार

करार नोंदवला. घरमालकीणबाई, मी आणि दोन साक्षीदार, लॅपटॉपसमोर अंगठे नि फोटो. अकरा महिने. नोंदणी फी १,०००. मुद्रांक शुल्क पाव टक्का: अकरा महिन्यांचं भाडं १,८७,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेले ५,५००, असं मिळून पाचशेच्या आसपास. पुण्यात कुणी सांगितलं तेवढे पैसे मोजून मी मोकळी व्हायचे. या वेळी आकडा स्वतः काढला आणि खर्च दोघींनी निम्मा निम्मा केला. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही त्यांनी माझ्यासमोरच भरली.

संध्याकाळी सामान लावलं. आतेभाऊ पंखा पुसून, माझी पुस्तकं मांडून गेला, उद्या त्याचा पेपर आहे. साडेसातला मामा आले. खांद्यावर पिशवी, एका स्टेशनाचं तिकीट अजून हातातच. चप्पल काढली ती थेट किचनमध्ये गेले आणि नळ सोडला. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं धरण आहे, मोरबे. धारेखाली तळवा धरून मामा बराच वेळ उभे राहिले. मग नळ घट्ट बंद केला, पिशवीतून पाचेक किलो कांदे काढले आणि घरभर फिरून जागा शोधायला लागले.

"ओट्याखाली नको," म्हणाले. "वारा लागला पाहिजे."

शेवटी किचनच्या खिडकीखाली कागद अंथरून त्यांनी एकेक कांदा मांडला.