मित्झ्पे रामोन: शुक्रवारी जाऊ नका, आणि दरीत उतरायच्या आधी हे वाचा

सगळ्यात आधी हे, कारण आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. शुक्रवारी दुपारनंतर दक्षिण इस्रायलमधल्या बेअर शेवा शहराहून वाळवंटातल्या मित्झ्पे रामोन या गावाला जायला बस नसते. आम्ही दोघं फेब्रुवारीत, शुक्रवारी पावणेचारला स्टँडवर पोचलो तर स्टँड सामसूम, शटरं खाली, साफ करणारा एक माणूस तेवढा होता. शब्बाथ म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा सुट्टीचा दिवस हे माहीत होतं हो, पण तो सूर्यास्ताला सुरू होतो म्हणून बसही तोपर्यंत असेल असं आपण धरून चालतो, तसं नाहीये, बस त्याच्या कितीतरी आधी बंद होतात आणि शनिवारी अंधार पडल्यावरच परत सुरू होतात. मग टॅक्सी. पंच्याऐंशी किलोमीटरच्या आसपासचं अंतर, 700 शेकेल मागितले, 550 वर आला आणि वर रस्ताभर ऐकवत होता की तिथली दरी उल्का पडून झाली. आम्हीही लोणार डोक्यात ठेवूनच गेलो होतो त्यामुळे लगेच पटलं. पैसे गेले ते गेले, माहितीही चुकीची मिळाली.

उल्का वगैरे काही नाही. या दरीला मख्तेश म्हणतात, मख्तेश म्हणजे हिब्रूत खल, आपल्या खलबत्त्यातला. समुद्र मागे हटला, खडकाचा उंचवटा वर आला, वरचा कडक चुनखडीचा थर फुटला आणि खालचा मऊ वालुकाश्म पाण्याने कोरून एकाच वाटेने बाहेर वाहून नेला. लांबी 40 किलोमीटर, खोली 500 मीटरपर्यंत. लोणार जेमतेम 1.8 किलोमीटरचं आहे, म्हणजे तुलनाच सोडा.

या खलाच्या काठावर, 860 मीटर उंचीवर हे गाव आहे, वस्ती पाचेक हजार. आणि हे गाव इथे का आहे ते कळलं की बस इतक्या कमी का, घरं अशी ठोकळ्यांसारखी का, गावाबाहेरच्या जुन्या कारखान्यांच्या शेडमध्ये आता डान्स स्टुडिओ आणि हॉटेलं कशी, हे सगळं आपोआप उलगडतं. 1951 मध्ये देशाच्या दक्षिण टोकाच्या एलात बंदराकडे जाणारा रस्ता बांधणाऱ्या मजुरांचा हा कँप होता. 1956 पासून किबुत्झमधली (म्हणजे सामुदायिक शेतवसाहतींमधली) वगैरे तरुण मंडळी कायमची राहायला आली, मग 60 च्या दशकात उत्तर आफ्रिका, रोमानिया आणि चक्क भारतातून आलेले लोक. एलातची सगळी वाहतूक इथून जाणार, ट्रकवाले थांबणार, गाव मोठं होणार असा हिशोब होता. आणि मग पूर्वेला अरावा खोऱ्यातून सपाटीचा दुसरा रस्ता झाला आणि वाहतूक तिकडे गेली. रस्त्यामुळे जन्मलेलं गाव दुसऱ्या रस्त्याने उपाशी ठेवलं. जिप्समच्या खाणी, आसपासचे लष्करी तळ, 90 च्या दशकात पूर्वीच्या सोव्हिएत संघातून आलेली माणसं, यावर तगलं, आणि आता पर्यटन. काठावरचं महागडं हॉटेल 2011 चं आहे. मला त्या हॉटेलपेक्षा मागच्या जुन्या चाळवजा इमारती जास्त बघाव्याशा वाटल्या.

आता खाली उतरण्याबद्दल. शनिवारी दुकानं बंद, त्यामुळे दोघांत मिळून तीन लिटर पाणी, तेही टॅक्सीच्या गडबडीत घेतलेलं, आणि नऊ वाजता निघालो. दोन्ही चुका. व्हिजिटर सेंटरजवळून वाट खाली ‘मिन्सारा’कडे जाते, म्हणजे सुतारशाळा, तिथे दगडाचे रंधून कापल्यासारखे लांबट तुकडे पडलेत. उतरताना घसारा आहे, सह्याद्रीत फिरणाऱ्याला त्याचं काही नाही. पण आपल्याकडे निदान करवंदीची जाळी तरी असते टेकायला, इथे सावली शून्य. थंडी होती म्हणून तहान कळली नाही, परत चढताना अर्ध्यावर पाणी संपलं आणि शेवटचा तो काठाखालचा चढ मी दर वीस पावलांनी थांबत चढलो, माझ्या जोडीदाराचे हात थरथरत होते. फेब्रुवारीत ही गत, मेमध्ये काय होईल. माणशी पाच लिटर, सकाळी सहाला निघा. आणि मुख्य म्हणजे परत वर चढूच नका! मिन्सारा हायवे 40 ला लागूनच आहे, तिथे आधीच गाडी ठरवून ठेवा. हे आम्हाला वर आल्यावर कळलं. पाऊस वर्तवला असेल तर खाली जायचंच नाही, कोरड्या ओढ्यांना अचानक लोंढे येतात. मुक्कामही ठरलेल्या कँपिंगच्या जागीच, आणि आजूबाजूला लष्कराची फायरिंगची क्षेत्रं आहेत तेव्हा खुणांची वाट सोडायची नाही.

रात्री कडाक्याची थंडी असते, नीट जाकीट न्या. आकाश मात्र असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

रविवार आरामात गेला, लांब शिंगांचे रानबकरे रस्त्यात फिरत होते. व्हिजिटर सेंटर इलान रामोनच्या नावाने आहे, 2003 मध्ये कोलंबिया यानाच्या अपघातात गेलेला इस्रायलचा पहिला अंतराळवीर. कल्पना चावला त्याच यानात होती. तिथे मी बराच वेळ उभा राहिलो.

परतताना बसच्या तिकिटासाठीच्या रव-कव कार्डात पैसे आधीच भरून ठेवा. बेअर शेवाच्या स्टँडवर आमचं मराठी ऐकून एक आजी बाकावरून उठून आल्या, “मुंबईचे का रे तुम्ही?” बेने इस्रायली, म्हणजे आपल्याकडच्या मराठी ज्यू, लहान असताना बोटीने आलेल्या. म्हणाल्या, “आम्हाला कुणी विचारलं नाही कुठं राहणार म्हणून. रात्री ट्रकमध्ये बसवलं, सकाळी डोळे उघडले तर वाळवंट.” टॅक्सीचं सांगितलं तर कपाळाला हात लावला, “अरे बाळा, गुरुवारी जायचं!”