कुत्र्याला कुत्रा चावला, तर जखमेकडे असं बघा
दाताचं भोक बाहेरून मुगाएवढं दिसतं. पण चावून झटका दिलेला असतो, त्यामुळे आत कातडी मांसापासून सुटून पोकळी होते आणि दोन-चार दिवसांत तिथेच पू साचतो. छाती-पोटावर चावा असेल किंवा धाप लागली असेल, तर धुवत बसू नका, थेट डॉक्टरांकडे न्या.

एरवी हातमोजे घालून जखमेभोवतीचे केस कापा. उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात दीड छोटा चमचा मीठ घालून 20 मिलीच्या बिनसुईच्या सिरिंजने भरपूर धुवा. हळद, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल तर मुळीच नको! अँटिबायोटिक डॉक्टरच ठरवतील; त्याच दिवशी दाखवा. लस झालेली असली तरी रेबीजचा बूस्टर लगेच द्यायला हवा. पावसाळ्यात माश्या बसू देऊ नका, अळ्या फार लवकर पडतात.