तीन हजार वॅटचा ॲम्प्लिफायर आणि साठ अँपिअरचे फ्यूज

ते गृहस्थ दुकानात आले तेव्हा त्यांचा निर्णय झालेला होता. त्यांच्या गाडीच्या डिकीत ३००० वॅट असे ठळक छापलेला ॲम्प्लिफायर होता, शेजारी जळालेला एक सबवूफर, म्हणजे बासचा मोठा स्पीकर, पडला होता आणि पेटीत नवा सबवूफर बसवलेला होता. पंधरा-वीस मिनिटे गाणी चालली की ॲम्पवरचा लाल दिवा लागतो, बास बंद पडतो आणि थोड्या वेळाने आपोआप पुन्हा सुरू होतो, अशी त्यांची तक्रार होती. हा ॲम्प कमी पडतो आहे, तेव्हा यापेक्षा मोठा, शक्य असल्यास ५००० वॅटचा निवडून द्यावा, असे त्यांनी सांगितले. गाड्यांमध्ये ध्वनियंत्रणा बसवण्याच्या माझ्या कामात ही मागणी नवी नाही. पण एकाच गाडीत निवडीच्या इतक्या चुका एकमेकींना धरून बसलेल्या मी क्वचितच पाहिल्या आहेत.

मी त्यांना आधी ॲम्पच्या बाजूला खोचलेले फ्यूज दाखवले. ते ३० अँपिअरचे दोन, म्हणजे एकूण ६० अँपिअरचे होते. गाडी चालू असताना १४.४ व्होल्ट मिळतात असे धरले तरी ६० अँपिअरला या ॲम्पच्या आत जाणारी शक्ती ८६४ वॅट होते. हा क्लास एबी जातीचा ॲम्प होता. त्यात आत गेलेल्या विजेचा साधारण साठ टक्के भाग स्पीकरकडे जातो आणि उरलेल्याची उष्णता होते. म्हणजे सतत मिळणारी शक्ती सव्वापाचशे वॅटच्या पुढे जाणे शक्यच नव्हते. आवरणावरचा आकडा हा क्षणिक शिखराचा, तोही कोणत्या व्होल्टेजला आणि किती विकृतीला (आवाज किती बिघडलेला असताना) मोजला हे न सांगता छापलेला असतो. म्हणूनच ॲम्प निवडताना मी सीटीए-२००६ या गाडीतल्या ॲम्पच्या शक्तीच्या मानकाप्रमाणे दिलेला आकडा शोधतो, कारण त्यात १४.४ व्होल्ट, ४ ओहमचा भार (स्पीकरचा विद्युतरोध) आणि जास्तीत जास्त एक टक्का विकृती या अटी ठरलेल्या असतात. तो नसेल, तर निदान आरएमएसचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या शक्तीचा, आकडा आणि फ्यूज यांचा मेळ बसतो का, हे तरी पाहावे.

त्यानंतर मीटर सबवूफरला लावला. नव्या सबवूफरला ४ ओहमच्या दोन कॉइल (पडदा हलवणारी तारेची वेटोळी) होत्या आणि आरएमएस क्षमता ३०० वॅट होती. मीटरवर प्रत्येक कॉइल ३.६ ओहम दाखवत होती, जे ठीकच आहे, कारण कॉइलचा मोजलेला रोध तिच्या नाममात्र आकड्यापेक्षा थोडा कमीच येतो. पण दोन्ही कॉइल पॅरलल जोडल्यामुळे ॲम्पपुढे २ ओहमचा भार येत होता, आणि ॲम्पचे दोन चॅनेल ब्रिज केलेले, म्हणजे एकाच स्पीकरसाठी एकत्र जोडलेले, होते. ब्रिज केल्यावर प्रत्येक चॅनेलला भाराचा निम्माच भाग दिसतो, म्हणजे येथे १ ओहम. ब्रिजमध्ये किमान ४ ओहम, असे त्या ॲम्पवरच लिहिलेले होते. दुप्पट प्रवाह द्यावा लागला की ॲम्प तापतो आणि प्रोटेक्टमध्ये जातो. लाल दिव्याचे कारण एवढेच होते. ॲम्प स्वतःला वाचवत होता, आणि तो कमजोर आहे असा समज झाला होता.

सबवूफर जळण्याचे कारण मात्र वेगळे निघाले, आणि मला तेच अधिक महत्त्वाचे वाटते. एसी आणि हेडलाइट लावून, इंजिन जागेवर चालू ठेवून मी बासचे गाणे लावले. ठोका पडला की बॅटरीवर १३.३ व्होल्ट राहत होते, पण ॲम्पच्या टर्मिनलवर फक्त ११.९. मधल्या १.४ व्होल्टांपैकी ०.८ व्होल्ट पॉझिटिव्ह वायरमध्ये आणि ०.६ व्होल्ट अर्थिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या पत्र्याला केलेल्या जोडणीत, जात होते. वायर बाहेरून जाडजूड दिसत होती. सोलल्यावर आत बारीक, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार निघाली. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच असते. अर्थिंगचा बोल्ट तर रंग न खरवडता तसाच आवळलेला होता. व्होल्टेज पडले की बास ढिला पडतो, तो ढिला पडला म्हणून गेन वाढवायचा, असे करत करत गेनचा स्क्रू शेवटापर्यंत फिरला होता.

गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे. स्टिरिओकडून येणारा सिग्नल किती व्होल्टचा आहे, त्याप्रमाणे ॲम्पला जुळवून घेण्यासाठी तो असतो. तो गरजेपेक्षा वाढवला की लहरींची टोके छाटली जातात. पूर्ण छाटून चौकोनी झालेल्या लहरीत तेवढ्याच उंचीच्या साइन लहरीच्या दुप्पट शक्ती असते, आणि ती सगळी कॉइलला उष्णतेच्या रूपाने सोसावी लागते. पहिला सबवूफर असाच गेला होता. अशा गाडीत ५००० वॅट छापलेला ॲम्प आणून बसवला असता, तर तीच वायर अधिक तापली असती आणि दुसरा सबवूफरही जळाला असता. हे मी त्यांना स्पष्ट शब्दांत सांगितले, कारण अशा वेळी गिऱ्हाइकाने मागितले ते विकून मोकळे होणे मला पटत नाही.

मी सुचवला तो २ ओहमला ४०० वॅट आरएमएस देणारा, एका चॅनेलचा क्लास डी ॲम्प. तीन हजारांवरून चारशेवर येणे त्यांना मुळीच रुचले नाही. तेव्हा मी त्यांच्यासमोर हिशेब मांडला. शक्ती दुप्पट केली की आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट शक्ती लागते. सबवूफर ३०० वॅटचा असताना त्याहून थोडी अधिक, स्वच्छ शक्ती हाताशी असणे पुरेसे आहे. शिवाय क्लास डीची कार्यक्षमता ऐंशी टक्क्यांच्या आसपास असल्याने ४०० वॅटसाठी साधारण ३६ अँपिअर लागतात. लहान गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर वीज तयार करणारा भाग, बहुधा ७० ते ९० अँपिअरचा असतो, जागेवर उभ्या गाडीत तेवढेही देत नाही, आणि त्यातला मोठा वाटा एसी आणि दिव्यांना जातो. ॲम्प निवडताना या आकड्याकडे पाहिलेच पाहिजे.

वायर बदलून २१ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची टाकली, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत फ्यूज बसवला आणि अर्थिंगची जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासली. मग सबवूफर सोडवून ठेवला, स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर नेला आणि ५० हर्ट्झच्या सुरावर गेन जुळवला. ३०० वॅट गुणिले २ ओहम, म्हणजे ६०० चे वर्गमूळ २४.५, मीटरवर तेवढे व्होल्ट येताच थांबलो. सबवूफर पुन्हा जोडून आम्ही त्यांची नेहमीची गाणी बराच वेळ वाजवली. ॲम्प जेमतेम कोमट झाला. ‘आधी नुसता घुमत होता, आता ठोका वेगळा कळतो,’ असे ते म्हणाले.

जुना ॲम्प त्यांनी भंगारात काढायचा ठरवला होता, तो मी काढू दिला नाही. ब्रिज सोडवून, एकेका चॅनेलवर ४ ओहमचा दरवाज्यातला एकेक स्पीकर जोडला आणि ८० हर्ट्झच्या खालचा भाग अडवला, तर तो आरामात चालतो; त्याच संध्याकाळी तो पुढच्या दरवाज्यांसाठी लागला.

निघताना त्यांनी विचारले, की याच ॲम्पवर पुढे असाच आणखी एक सबवूफर लावता येईल का. चार कॉइल सगळ्या पॅरलल जोडल्या तर १ ओहम होतो, जो या ॲम्पला चालत नाही. प्रत्येक सबवूफरच्या दोन कॉइल सिरीजमध्ये आणि ते दोन्ही सबवूफर पॅरलल जोडले तर ४ ओहम होतो, आणि ॲम्पची शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. डिकीची जागा जाईल आणि आवाज जवळपास आहे तेवढाच राहील. दुसरा सबवूफर घ्यायचाच असेल, तर १ ओहमला चालणारा ॲम्प आजच निवडावा लागेल आणि बॅटरी व अल्टरनेटरचाही विचार करावा लागेल, असे मी त्यांना सांगितले. थोडा विचार करून ते म्हणाले, ‘मग एकच राहू द्या.’