इंडियानातले गणंग

मागच्या रविवारी आईशी व्हिडिओ कॉल चालू होता आणि मी मांडीवर पॉपकॉर्नचं भांडं घेऊन बसले होते, गप्पा संपेपर्यंत भांडं पण संपलं. आईला स्क्रीनवर त्याचा तळ दिसला. "अगं बाई, तिकडच्या मक्यात पण गणंग उरतात?"

ज्यांच्या घरी हा शब्द आता कोणी वापरत नाही त्यांच्यासाठी, गणंग म्हणजे लाह्या फोडताना न फुटता तसाच राहिलेला टणक दाणा. आजी हाच शब्द आमच्या एका काकांसाठी पण वापरायची, पण ते असो.

आम्ही राहतो अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, वेस्ट लाफायेटला, पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या गावात. गावाबाहेर पडलं की दोन्ही बाजूंना मका, ऑगस्टमध्ये तर गाडीतून दुसरं काही दिसतच नाही. पहिल्या वर्षी मला वाटायचं हा सगळा पॉपकॉर्नचाच, पण तसं नाहीये, तो बहुतेक गुरांच्या खाद्याला आणि इथेनॉलला जातो आणि तो कितीही तापवला तरी धड फुटत नाही. पॉपकॉर्नचा मका वेगळा, दाणा बारीक आणि साल एकदम कडक. आणि ज्यांचं नाव इथे पॉपकॉर्नच्या डब्यांवर असतं ते ऑर्व्हिल रेडनबाकर १९२८ साली इथूनच शेतीची पदवी घेऊन बाहेर पडले. म्हणजे आम्ही पॉपकॉर्नच्या माहेरीच राहतो म्हणायला हरकत नाही, तरी मला ते नीट जमायला चार वर्षं लागली.

सुरुवात सगळ्यांची होते तिथूनच, मायक्रोवेव्हची पिशवी. या पिशवीच्या एका बाजूला आत एक पट्टा असतो, त्यात धातूचा अगदी पातळ थर असतो, तो तापतो आणि दाणे भाजतो, म्हणून ती बाजू खालीच ठेवायची. पिशवीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं पण वाचतंय कोण, मी उलटी ठेवली आणि वर दिलेला पूर्ण वेळ लावून अंघोळीला गेले. जानेवारी महिना, बाहेर उणे बारा, आणि अख्खी बिल्डिंग फायर अलार्ममुळे स्लिपर घालून पार्किंगमध्ये. मी ओल्या केसांवर टोपी. कोणी काही बोललं नाही, पण वास सगळ्यांनाच येत होता. तेव्हापासून वेळ वगैरे बघत नाही, कान देऊन उभी राहते आणि दोन फुटण्यांमध्ये दोन सेकंद गेले की बंद.

मग कोणीतरी सांगितलं की साध्या खाकी कागदी पिशवीत पाव कप दाणे टाकून, तोंड दोनदा दुमडून ठेवायचं, तेल पण नको. स्वस्त काम आहे, फक्त स्टेपलरची पिन मारू नका. पण यात गणंग भरपूर. इथल्या शनिवारच्या बाजारात एक आजोबा पॉपकॉर्नचं अख्खं वाळलेलं कणीसच विकतात, ते असंच पिशवीत ठेवायचं, बाहेर काढल्यावर कणसाला अर्ध्या लाह्या लटकलेल्या असतात. लेकीला दाखवायला मजा येते, खायला एवढं विशेष नाही.

एअर पॉपरबद्दल फार बोलत नाही. मिक्सरसारखा आवाज, गरम हवा, तेल शून्य, आणि वर मीठ टाकलं की सरळ तळाला. नवऱ्याला डाएटमुळे आवडतं, मला थर्माकोल खाल्ल्यासारखं वाटतं.

शेवटी मी परत आले कुकरवर, तोच जो पुण्याहून बॅगेत कपड्यांमध्ये गुंडाळून आणला होता. शिट्टी आणि रिंग काढायची, झाकण नुसतं वर ठेवायचं. दोन चमचे खोबरेल तेल (खायचं, डोक्याचं नाही!), त्यात तीन दाणे, ते फुटले की तेल तापलं. मग बाकीचे दाणे टाकून गॅस बंद, अर्धा मिनिट थांबायचं, परत चालू. या अर्ध्या मिनिटात सगळे दाणे सारखे तापतात आणि मग एकदमच तडतडायला लागतात, काही आधी जळतायत काही तसेच पडलेत असं होत नाही. झाकण जरा तिरकं ठेवायचं, नाहीतर वाफ आत कोंडते आणि लाही वातड होते.

तरीही गणंग उरायचेच. मग शोधलं तर पर्ड्यूमध्येच २००५ च्या सुमाराला यावर संशोधन झालंय, माझ्या घरापासून सायकलच्या अंतरावर! दाण्यात साधारण १४ टक्के पाणी असतं, १८० डिग्रीला त्या वाफेचा दाब आपल्या कुकरच्या आठ-नऊ पट होतो आणि साल फाटते. साल चांगली असेल तर वाफ आत टिकते, सालीतून वाफ निसटली की झाला गणंग. त्यांनी तपासलेल्या वाणांमध्ये न फुटलेल्या दाण्यांचं प्रमाण ४ पासून ४७ टक्क्यांपर्यंत होतं. आणि मुळात दाणाच कोरडा पडला असेल तर कुकर घ्या नाहीतर मशीन घ्या, काही उपयोग नाही. माझी बरणी अख्खा हिवाळा हीटरच्या झोताजवळ, झाकण अर्धवट उघडं.

हे वाचताना मला एकदम नागपंचमी आठवली. आजी आदल्या दिवशी ज्वारी उकळत्या पाण्यातून काढायची, निथळून रात्रभर फडक्यात बांधून ठेवायची, मग सकाळी कढईत टाकून वरून कापडाच्या बोळ्याने हलवत लाह्या. मला वाटायचं धान्य धुतेय. ती त्याला पाणी पाजत होती.

मग मी पण पाजलं. तीन कप दाण्यांना एक चमचा पाणी, बरणी घट्ट बंद, रोज हलवायची, असे पाच दिवस. आधी पाव कपामागे ५८ गणंग निघाले होते, नंतर १९. हो, मोजले, हिवाळ्यात इथे दुसरं करायचं काय.

आता वर तूप आणि मेतकूट टाकते, मीठ मिक्सरमधून पिठासारखं बारीक करून. मेतकूट चिकटतं मस्त, फक्त पांढऱ्या सोफ्यावर बसू नका.

एक राहिलंच, मागच्या महिन्यात जुन्या वस्तूंच्या दुकानात चार डॉलरला व्हर्ली पॉप मिळालं, पातळ ॲल्युमिनियमचं पातेलं, झाकणाला लाकडी हँडल, ते फिरवलं की आत तळाशी तार फिरते आणि दाणे हलत राहतात. ज्या मोनॉन गावच्या कंपनीचं आहे ते इथून पाऊण तासावर. कुकरपेक्षा थोडं बरंच आहे, १४ गणंग. आईला कॉलवर फिरवून दाखवलं. तिने दोनदा फिरवायला लावलं, तार तळाला नीट लागते का विचारलं, आणि म्हणाली येताना मला एक घेऊन ये.

पॉपकॉर्नला नाही. रवा भाजायला.