आमची वाटचाल : घराच्या उंबऱ्यापासून विमानतळाच्या दारापर्यंत

तिकिटावर 12 तारीख आणि 00:40 ही वेळ छापलेली असेल, तर मुंबईच्या विमानतळावर सोडणारी आमची भाड्याची गाडी जळगावहून 11 तारखेच्या सकाळी साडेदहाच्या आत सुटली पाहिजे. हे वाक्य आमच्या कार्यालयाच्या भिंतीवर 2009 पासून रंगवलेले आहे. त्या वर्षी भडगावच्या एका कुटुंबाने 12 तारखेच्या रात्रीचे विमान म्हणून बुकिंग दिले, मी ते डायरीत तसेच उतरवून घेतले, आणि 12 तारखेच्या रात्री आमची गाडी मुंबईच्या सहार विमानतळाच्या दारात उभी राहिली तेव्हा त्यांचे विमान जाऊन जवळजवळ एक दिवस झाला होता. तिकीट त्यांनी चुकीचे वाचले, असे म्हणून मला हात झटकता आले असते. मी जाण्यायेण्याचे सगळे भाडे परत केले, आणि त्या दिवसापासून तिकीट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एकही बुकिंग घेतलेले नाही. ज्यांना रात्री बारानंतरचे विमान आहे त्यांनी तारीख बोटावर मोजून एक दिवस मागे यावे, ही विनंती मी येथेही करून ठेवतो.

आम्ही सुरुवात 2007 साली केली. जुनी टॅव्हेरा, नवीन बसस्थानकाजवळच्या गाळ्यात एक टेबल आणि एक लँडलाइन एवढेच भांडवल होते. भुसावळसारखे जंक्शन दाराशी असताना मुंबईच्या विमानतळासाठी गाडी कोण करणार, असे मला अनेकांनी विचारले. रेल्वे कल्याणला किंवा दादरला सोडते, तेथून चार मोठ्या बॅगा आणि सत्तरीच्या आईवडिलांना घेऊन लोकलच्या गर्दीतून सहार गाठणे ज्याने एकदा केले आहे त्याला हा प्रश्न पडत नाही. परदेशी विमाने बहुतेक रात्री सुटतात, रेल्वेगाड्या उशिरा धावतात, आणि विमान कोणासाठी थांबत नाही.

त्या काळात माझा एक भागीदार होता. त्याचे नाव मी लिहिणार नाही, कारण त्याची मुले आता मोठी झाली आहेत. तो उत्तम चालक होता, कसारा घाटात रात्रीच्या धुक्यात त्याच्या हाती गाडी असली की मागचे प्रवासी झोपून जात. धंदा कसा करायचा ते मात्र तो माझ्या टेबलाशी बसून शिकला, आणि विशेषतः माझ्या डायरीतून शिकला. त्या डायरीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. ती लांबट, लाल कापडी पाठीची हिशेबाची वही आहे. तिच्यात मी स्वतः पट्टीने रकाने आखतो : तारीख, विमानाची वेळ, टर्मिनल, माणसे, बॅगा, त्यांतली सर्वांत वजनदार बॅग किती किलोची, घर सोडण्याची वेळ, आणि शेवटी चालकाची सही. संगणक आमच्याकडे 2014 मध्ये आला, तरी सही आजही वहीतच होते. जो चालक सुटण्याच्या वेळेखाली स्वतःच्या हाताने सही करतो, तो त्या वेळेला येतो, असा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

वेळ काढण्याची आमची रीत साधी आहे. परदेशी विमान असेल तर तीन तास आधी दारात पोहोचायचे. जळगाव ते सहार हे धुळे, मालेगाव, चांदवड, नाशिक, कसारा, भिवंडी या वाटेने सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास भरते, त्याला जेवणासह नऊ तास धरायचे. त्यावर दोन तास राखीव ठेवायचे, आणि हे दोन तास कोणत्याही सबबीवर वापरायचे नाहीत. एकूण चौदा तास होतात. नव्या ग्राहकाला हा हिशेब सांगितला की तो नाराज होतो. तरसोद ते फागणे हा महामार्गाचा टप्पा किती वर्षे खणलेला पडला होता, राहुड घाटात कंटेनर आडवा झाला की दोन्ही बाजूंना किती रांग लागते, आणि मानकोलीपासून माजिवड्यापर्यंतचे काही किलोमीटर संध्याकाळी किती वेळ खातात, हे ज्याने पाहिले आहे तो या दोन तासांना कधी नावे ठेवत नाही.

आमच्या कार्यालयात खुंटीला एक ताणकाटा टांगलेला आहे. तो आम्ही प्रत्येक प्रवासाला घरी घेऊन जातो. अमेरिकेच्या विमानात बहुधा माणशी 23 किलोच्या दोन बॅगा चालतात, आणि खानदेशातली आई मुलीकडे निघाली की पापड, कुरडया, शेवया आणि बिबड्यांचा डबा यांच्यामुळे 23 चे 26 केव्हा होतात ते तिला कळत नाही. ते तीन किलो विमानतळाच्या काउंटरवर, रांगेत, जमिनीवर बॅग उघडून काढण्यापेक्षा स्वतःच्या ओट्यावर काढलेले बरे. बॅग हुकात अडकवताना तिचे हँडल दोन्ही बाजूंनी बरोबर मध्यावर धरावे आणि ती जमिनीपासून पूर्ण सुटली आहे ना ते पाहावे, नाहीतर काटा एक-दोन किलो कमी दाखवतो. कॅरिअरवर सामान बांधायचे असेल तर नायलॉनची दोरी पावसात सैल पडते, म्हणून आम्ही रबरी पट्टे वापरतो, आणि जून ते सप्टेंबर ताडपत्री दुहेरी घालतो.

या काट्यामुळेच सावद्याचे आप्पा आमच्याशी जोडले गेले. त्यांचा केळीचा व्यापार आहे, मुलगी अमेरिकेत आहे. 2010 मध्ये ते पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना दरपत्रक दाखवू लागलो, तर ते म्हणाले, "भो, पैसे मले नको दाखवू, गाडी दाखव." त्यांनी टायर हाताने चाचपले, स्टेपनी काढायला लावली, जॅक आणि पान्हा जागेवर आहे की नाही ते पाहिले. मग त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे मावशींच्या, बॅगा आम्ही त्यांच्या ओसरीवर तोलल्या आणि कळण्याच्या पिठाची एक पिशवी बाहेर राहिली. मावशींच्या डोळ्यांत पाणी आले. आप्पांनी ती पिशवी उचलून आमच्या चालकाच्या हातात दिली. तेव्हापासून त्यांची प्रत्येक खेप आमच्याच गाडीने झाली आहे. त्यांना आणायला जातो तेव्हा आगमनाच्या दाराशी चालक जी पाटी धरतो तिच्यावर माणसाचे नाव न लिहिता "सावदा" एवढेच मोठ्या मराठी अक्षरांत लिहितो. इतक्या लांबून आलेल्या मावशींना गर्दीत आपल्या गावाचे नाव आधी दिसते. ही पद्धत आम्ही पुढे सर्वांसाठी लागू केली.

2011 ते 2017 या वर्षांत गाड्या एकाच्या पाच झाल्या. त्याविषयी सांगण्यासारखे फार नाही.

2018 मध्ये भागीदाराने हिशेब मिटवून वेगळा धंदा काढला. वेगळे होण्याचा त्याला हक्क होता आणि मी त्याचा वाटा पैन्‌पै दिला. माझी तक्रार त्याने पुढे जे केले त्याविषयी आहे. माझ्या वहीतले दूरध्वनी क्रमांक त्याने आधीच उतरवून घेतले होते. पहिल्याच महिन्यात माझ्या जुन्या ग्राहकांना त्याचे फोन गेले की, जो प्रवास तुम्ही साडेनऊ हजारांत करता तो मी साडेपाच हजारांत करून देतो. आमची गाडी मुंबईहून रिकामी परत येते, म्हणून साडेआठशे किलोमीटरचा खर्च एका भाड्यात बसवावा लागतो, हे या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याने एकेरी भाडे लावले. त्यासाठी तो एका गाडीत वेगवेगळ्या विमानांची दोन-तीन कुटुंबे बसवू लागला, मुंबईत उतरवले की त्याच चालकाला त्याच रात्री परतीचे प्रवासी देऊन माघारी पिटाळू लागला, आणि गाड्या पांढऱ्या नंबरपाटीच्या, म्हणजे खासगी नोंदणीच्या, वापरू लागला.

पांढऱ्या पाटीविषयी मी येथे स्पष्ट लिहितो, मग कोणाला राग आला तरी चालेल. भाड्याने चालणाऱ्या टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरे काळी असतात. तिला परवाना लागतो, जास्तीचा कर आणि विमा भरावा लागतो, फिटनेस करून घ्यावे लागते. खासगी गाडी भाड्याने चालवताना अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. चार हजार वाचवणाऱ्या ग्राहकाला हे कोणी सांगत नाही. आगाऊ रक्कम देण्याआधी गाडीच्या पाटीचा फोटो मागवावा, आणि चालक आदल्या रात्री झोपला आहे का हेही न संकोचता विचारावे.

महिन्याला पंचवीस-तीस फेऱ्या होत होत्या, त्या दहाच्या खाली आल्या. ज्यांच्या घरी मी लग्नाला जाऊन आलो होतो ती माणसे रस्त्यात दिसली की मान वळवत. त्याच सुमारास जळगावच्या विमानतळाचीही चर्चा होती. डिसेंबर 2017 मध्ये उडान योजनेत जळगावहून मुंबईला विमान सुरू झाले, आणि आता तुमचे काम संपले, असे मला सहानुभूतीने सांगण्यात आले. ती सेवा लवकरच खंडित झाली. 2024 पासून जळगावहून गोवा, हैदराबाद, पुणे आणि मुंबईला पुन्हा विमाने जाऊ लागली याचा मला खानदेशी म्हणून आनंदच आहे. देशांतर्गत तिकिटावर साधारणपणे 15 किलो सामान चालते, आणि परदेशी जाणाऱ्याच्या दोन बॅगा मिळून शेहेचाळीस किलोच्या असतात. त्या विमानाने आमचे काम फारसे नेले नाही. नेले ते साडेपाच हजारांनी.

येथे मी एक निर्णय चुकलो. दराने हरतो आहोत असे वाटून 2019 च्या दिवाळीत मी कर्ज काढून दोन नव्या गाड्या घेतल्या आणि स्वतःही एकेरी भाडे लावले. मार्च 2020 च्या अखेरच्या आठवड्यात देशातली प्रवासी विमाने थांबली. सात गाड्या, सहा चालक आणि दोन नवे हप्ते. रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना ऑगस्टअखेरपर्यंत सवलत दिली, पण व्याज वाढतच होते. मी दर रविवारी अंगणातल्या आणि शेजारच्या मोकळ्या जागेतल्या सातही गाड्यांची इंजिने दहा-दहा मिनिटे चालू करून ठेवत असे, तरी दोन बॅटऱ्या बसल्या आणि एका गाडीची वायर उंदरांनी कुरतडली. सप्टेंबरमध्ये एक नवी गाडी कर्ज देणाऱ्या कंपनीने ओढून नेली. वसुलीची माणसे आली तेव्हा त्यांनी माझ्या पत्नीसमोर जी भाषा वापरली ती मी विसरलेलो नाही. दुसरी नवी गाडी मी स्वतः तोट्यात विकली. तीन चालक शेतीकडे गेले, त्यांतला एकच परत आला.

आप्पांचे एप्रिल 2020 चे बुकिंग होते आणि त्यांचे पाच हजार माझ्याकडे आगाऊ जमा होते. जूनमध्ये मी ते परत करायला सावद्याला गेलो. ते ओट्यावर बसले होते, मी पायरीशी उभा राहिलो, दोघांच्याही तोंडाला रुमाल. त्यांनी पाकीट घेतले नाही. म्हणाले, "गाडीले बॅटरी घाल. मले जायचंच आहे." त्या पैशांतून मी टॅव्हेरानंतर घेतलेल्या जुन्या इनोव्हाला बॅटरी घातली. हॉटेलातला विलगीकरणाचा काळ संपवून परतणाऱ्या विद्यार्थ्यांना मुंबईहून घरी आणण्याच्या फेऱ्या मिळू लागल्या, तेव्हा चालू स्थितीत तीच गाडी होती. पुढच्या आणि मागच्या आसनांमध्ये जाड प्लास्टिकचा पडदा लावून, ई-पास काचेला चिकटवून, आम्ही त्या वर्षी नंदुरबारपासून रावेरपर्यंतची मुले घरी पोहोचवली.

भागीदाराचेही नुकसान झाले, हे लिहिले नाही तर अन्याय होईल. त्याचा धंदा मात्र पुन्हा सुरू झाला आणि पांढऱ्या पाट्याही परत आल्या. 2022 मध्ये त्याच्या गाडीत बसवलेल्या एका कुटुंबाचे विमान चुकले, कारण त्याच गाडीतल्या दुसऱ्या प्रवाशांना आधी सांताक्रूझच्या देशांतर्गत टर्मिनलला सोडायचे होते. ते कुटुंब पूर्वी माझे ग्राहक होते. त्या रात्री त्यांनी विमानतळावरून मला फोन केला, आणि परतीची गाडी मी पाठवली. भाडे पूर्ण घेतले. कमी घेतले असते तर बरे दिसले असते, असे माझा मुलगा म्हणतो. मला ते अजूनही पटत नाही.

जून 2025 मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला. जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यातून गेले की कसारा घाट टळतो, म्हणून सगळे ग्राहक आता दोन तास उशिरा निघू म्हणतात. आम्ही चौदातला एकच तास कमी केला आहे, कारण आमण्याच्या पुढची भिवंडी आणि ठाणे आहे तेथेच आहेत. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यापासून वहीत टर्मिनलच्या आधी आणखी एक रकाना आखावा लागला. सहार, सांताक्रूझ आणि नवी मुंबई यांत गोंधळ झाला तर राखीव तासही पुरणार नाहीत, तेव्हा आदल्या दिवशी तिकीट पुन्हा उघडून विमानतळ आणि टर्मिनल दोन्ही पाहावीत.

आप्पा आता ऐंशीच्या पुढे आहेत. मे 2022 मध्ये ते अमेरिकेला गेले, तेव्हा मी पाच हजार भाड्यातून वळते केले आणि त्यांनी ते मोजूनही पाहिले नाहीत. येत्या गुरुवारच्या पानावर त्यांची नोंद आहे : विमान शुक्रवारी 01:25, सहार, माणसे दोन, बॅगा चार, सर्वांत वजनदार बॅग तोलायची आहे, सावदा सोडण्याची वेळ गुरुवारी सकाळी 11:25. जळगावहून एक तास पुढे असल्याने कमी केलेला तो एक तास आप्पांच्या बाबतीत मी परत घातला आहे. चालकाची सही झालेली आहे.