तुम्ही विचारलंत म्हणून: सिनेमा मे महिन्यातच का केला?

बापलेकीवरचा माझा सिनेमा दाखवून झाला की प्रश्नोत्तरांत कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. पुण्या-मुंबईकडे असलो तर, "नागपुरात, आणि तेही भर मे महिन्यात शूटिंग?" नागपुरातच असलो तर नुसतं, "काहून बाप्पा?"

काहींना वाटतं, उन्हाळा हे बापलेकीच्या नात्याचं रूपक आहे. एकानं तसं लिहिलंसुद्धा. मी खोडलं नाही, छान वाटत होतं. खरं कारण एवढंच की मे महिन्यात माणसं मोकळी असतात.

बापाचं काम करणारे काका झाडीपट्टीचे नट. तिकडे गडचिरोली-चंद्रपूर-भंडाऱ्याच्या भागात दिवाळीनंतर धान घरात आलं की नाटकं लागतात, रात्रभर चालतात, आणि होळीच्या आसपास हंगाम आटोपतो. हंगामात अशा नटाची एक रात्र मिळणं मुश्कील, मला तर 19 दिवस हवे होते. लेकीचं काम करणारी शिक्षिका आहे आणि विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात. महाल या नागपुरातल्या जुन्या वस्तीतला वाडा मिळाला, तोही मालक ऊन टाळायला लेकाकडे पुण्याला गेले म्हणून. तिघांचं जुळवता जुळवता मेच उरला.

तयारीचा सगळा एप्रिल काकांचा आवाज खाली आणण्यात गेला. ज्या माणसानं तीस वर्षं शेतातल्या मंडपात शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवला, त्याला हातभर अंतरावरच्या लेकीशी पुटपुटायला सांगायचं! "हळू बोला" म्हटलं की ते हळू बोलत, पण ते हळू बोलण्याचं नाटक असे. शेवटी माझ्या आईनं गच्चीवर चिंच फोडायला घेतली होती, तीच त्यांच्यापुढे ठेवली. दगडानं टरफल फोडायचं, शिरा ओढायच्या, चिंचोके काढायचे आणि बोलत राहायचं. तिसऱ्या संध्याकाळी आवाज आपोआप खाली आला. सिनेमात ते चिंच फोडताना दिसतात ना, ते माझं दिग्दर्शन नाही, आईची वर्षाची चिंच आहे.

उन्हाचं म्हणाल तर त्याची तयारी नागपूरकराला शिकवावी लागत नाही. पन्हं, ओआरएस, डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा. कॅमेरामन कोल्हापूरचा. कांद्याला हसला, आणि चौथ्या दिवशी स्वतःच मागून घेतला. उजेडाचं गणित मात्र मलाही शिकावं लागलं. 26 मेच्या सुमारास इथं सूर्य थेट डोक्यावर येतो, दुपारी सावली पायाखाली सापडत नाही. त्या उन्हात माणसाचे डोळे खोबणीत बुडतात आणि चेहरा कवटीसारखा दिसतो. साडेपाचला उजाडतं, म्हणून बाहेरचे सीन तेव्हापासून दहापर्यंत आणि मग साडेचारनंतर. मधला वेळ वाड्याच्या आत.

खरा घोळ आतच होता.

आम्ही सिंक साउंडवर शूट करत होतो, म्हणजे संवाद जागेवरच रेकॉर्ड करायचे, नंतर डबिंग नाही. काकांचा तो महत्प्रयासानं खाली आणलेला आवाज स्टुडिओत पुन्हा मिळाला नसता. पण मे महिन्यात महालात खिडकीगणिक कूलर. आमचा बंद केला की शेजारचा ऐकू येतो, तो बंद केला की मागच्या गल्लीतला. नुसती घरघर असती तर चाललं असतं. एका कूलरचा पंप गुळगुळतो, दुसऱ्याचा पंखा जाळीला घासतो, आणि प्रत्येक टेकमध्ये हे वेगळ्या ठिकाणी येतं. दोन टेक जोडले की मधे आवाज उडी मारतो.

म्हणून एका पोराचं कामच ठरलं, कूलर बंद करवणं. टेकच्या आधी तो अकरा घरी जायचा. 45 अंशांत लोकांना पाच मिनिटं कूलर बंद करा म्हणून सांगून बघा एकदा! तरी लोकांनी केले. समोरच्या आजी तर खिडकीतच बसत, आमचा क्लॅप वाजला की स्वतः बटण दाबत आणि "कट" ऐकलं की पुन्हा चालू. नंतर नंतर टेक वाईट झाला तर "कट"च्या आधी त्याच चालू करू लागल्या. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं.

बापलेकीचं शेवटचं बोलणं मात्र काही केल्या होईना. दोन दिवस गेले. तिसऱ्या दुपारी लाइन गेली. सगळ्या महालातले कूलर एकदम थांबले आणि अशी शांतता झाली की दूरचा कुल्फीवाला ऐकू आला. साउंड रेकॉर्डिस्ट ओरडला, "कुणी हलू नका, घ्या!" खिडकीचा उजेड, कॅमेऱ्याची बॅटरी, दोघांच्या कपाळावरून ओघळणारा खरा घाम. एका टेकमध्ये सीन झाला. लाइन गेल्याचा आनंद झालेली नागपुरातली बहुधा तेवढीच चौदा माणसं.

आता गंमत. एडिट झाल्यावर मिक्सिंगला बसलो, तर सिनेमा खोटा वाटायला लागला. ऊन दिसत होतं, घाम दिसत होता, पण नागपूर ऐकूच येत नव्हतं. मिक्सिंग करणारा म्हणाला, कूलर हवा. 19 दिवस जो आवाज हाकलला, तो वेगळा रेकॉर्ड करून, हवा तेवढाच, प्रत्येक सीनखाली घालायचा.

पुढच्या उन्हाळ्यात रेकॉर्डर घेऊन आजींकडे गेलो. वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या होत्या, खोलीभर वास. मी क्लॅपबिप काही आणला नव्हता. आजी सवयीनं खिडकीपाशी गेल्या आणि बटणावर बोट ठेवून माझ्याकडे बघत राहिल्या.

"काहून रे बाबू, आज बंद करू का चालू ठेवू?"